ओटीपोटाचे जुने दुखणे आणि त्याचे अनेक वैद्य
(नामपूर येथे भरलेल्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझे व्याख्यान प्रथम महिलांच्या दुपारच्या बैठकीत ठेवलेले होते. विषय स्त्रियांच्या ओटीपोटातील जुन्या दुखण्याचा. तेव्हा पुरुषमंडळींसमोर तो नको, असा चालकांचा सद्हेतू होता. मी विनंती करून तो या भर सभेत मागून घेतला. कारण अगदी साधे आहे. घरातील स्त्रीने दवाखान्यात कधी जावयाचे, कोणत्या गावच्या डॉक्टरांकडे जावयाचे, सोबत कोणी जावयाचे, आणि सुचविलेली शस्त्रक्रिया करावयाची किंवा नाही, हे आपल्या बहुतेक घरांतून ती स्त्री एकटी ठरवीत नाही. यजमान ठरवितात, सासूबाई ठरवितात, कधी कधी तर कांद्याचा भाव ठरवितो. ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना वगळून माहिती द्यावयाची, यात मला काही अर्थ दिसेना. अध्यक्षांनी माझे म्हणणे मान्य केले याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. कोणास संकोच वाटेल असे शब्द मी टाळीन. परंतु अवयवांची नावे घेतल्यावाचून वैद्यकाविषयी बोलता येत नाही, एवढी सवलत आपण मला द्यावी.

बेंबीच्या खाली, कमरेच्या हाडांनी बनलेली एक परातीसारखी पोकळी आहे. तीत गर्भाशय व दोन बाजूंचे बीजकोश आहेत, पुढे मूत्राशय आहे, मागे आतड्याचा शेवटचा भाग आहे, आणि हे सर्व खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक पाळणा आहे. या भागात सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकून राहिलेल्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुने दुखणे म्हणते. पाळीच्या दिवसांत एक-दोन दिवस पोट दुखणे निराळे. येथे आपण बोलतो आहोत ते महिन्यामागून महिने ठाण मांडून बसलेल्या, कामात, झोपेत, संसारात अडथळा आणणाऱ्या वेदनेविषयी.

अशी एक स्त्री आपण डोळ्यांपुढे आणू या. ती कल्पनेतील आहे, पण आपणांपैकी पुष्कळांना ती ओळखीची वाटेल. वय चौतीस-पस्तीस, दोन मुले, मोसम नदीच्या काठचे थोडे बागायत रान. कांद्याची लागण आली की दिवसभर कमरेत वाकून रोपे लावावयाची, निंदणीला बसून पुढे सरकावयाचे, काढणीच्या वेळी पुन्हा तेच. शेतावर आडोसा नाही, म्हणून सकाळपासून पाणी कमी प्यावयाचे आणि लघवी सायंकाळपर्यंत रोखून धरावयाची. दोन-तीन वर्षांपूर्वी ओटीपोटात कळ सुरू झाली. 'कंबर दुखस, पोट दुखस' असे ती घरात म्हणाली, तेव्हा 'कोणाचे दुखत नाही?' असे उत्तर मिळाले. मग गावातील डॉक्टरांची गोळी झाली. मग सटाण्यास सोनोग्राफी झाली. तीत काही निघाले नाही. मग मालेगावी दुसरे डॉक्टर झाले, त्यांनी जंतुसंसर्गाचे औषध दिले. कोणी लघवीचा विकार म्हणाले, कोणी आतड्याचा. शेवटी कोणीतरी म्हणाले, 'पिशवी काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.' आणि आणखी कोणीतरी म्हणाले, 'तुम्हांला काही झालेले नाही, हे मनाचे आहे.' या दोन सल्ल्यांमध्ये सापडलेली ती स्त्री हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम, असे किती जणींना असते? आपल्या महाराष्ट्रातच या प्रश्नाचा एक जगप्रसिद्ध धांडोळा घेतला गेला आहे, आणि तो प्रत्येक सुशिक्षित मराठी कुटुंबास ठाऊक असावयास हवा. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी वसा व अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांनी तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांच्या काही ना काही स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या. उरलेल्या ४५ टक्के 'आम्हांला काही नाही' असे म्हणत होत्या. प्रत्यक्ष तपासणीत मात्र ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अनेक विकार आढळले. सरासरीने एकेका स्त्रीस साडेतीनहून अधिक. त्यांतील निम्मे विकार जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे होते. आणि यापूर्वी कधीतरी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया किती? अवघ्या ८ टक्के.

हा शेवटचा आकडा मला इतर सर्व आकड्यांपेक्षा बोलका वाटतो. स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टरांनी चालविलेले कामा रुग्णालय मुंबईत १८८६ साली सुरू झाले. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यानंतर शंभर वर्षे लोटली, तरी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत शंभरातील ब्याण्णव स्त्रियांना कोणी तपासले नव्हते, आणि त्यांनी तशी मागणीही केली नव्हती. गडचिरोली दूर आहे, बागलाण सधन आहे, असे कोणी म्हणेल. डाळिंबाच्या आणि कांद्याच्या पैशाने घरे सिमेंटची झाली हे खरे. पण पांढरे अंगावर जाण्याविषयी सासूशी बोलणे तेवढ्याने सोपे झाले आहे, असे मला दिसत नाही.

आता कारणांकडे वळू. या दुखण्याची खरी अडचण अशी की एकाच जागी राहणाऱ्या अनेक अवयवांच्या वेदना एकाच भाषेत बोलतात. गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर रुजते, बीजकोशांवर, आतड्यावर, मूत्राशयावर, आणि पाळीच्या सुमारास तेथे दाह होतो. याला एण्डोमेट्रिऑसिस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने प्रजननक्षम वयातील सुमारे दहा टक्के स्त्रियांना हा विकार असतो. त्याचे वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. म्हणून सोनोग्राफी निर्दोष आली म्हणजे विकार नाही, असे ठरत नाही. त्याचे निदान होण्यास अनेकदा काही वर्षे लागतात. जंतुसंसर्गाने गर्भनलिका सुजतात आणि पुढे चिकटून बसतात. आपल्या देशात जननेंद्रियांचा क्षयही विसरून चालत नाही. मूत्राशयाचा एक दीर्घकालीन दाह असा असतो की त्यात लघवीच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत, तरी वेदना असते. आतड्याचा विकार असला तर मलविसर्जनाबरोबर दुखणे कमी-अधिक होते.

आणि दोन कारणे अशी, की ज्यांचा विचारच बहुधा होत नाही. पहिले पोटाच्या भिंतीचे. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेच्या टाक्याशी एखादा मज्जातंतू अडकतो, किंवा भिंतीच्या स्नायूत एक दुखरी गाठ बसते. कार्नेट नावाच्या अमेरिकन शल्यवैद्याने १९२६ साली याची एक फार सोपी परीक्षा सांगितली. रुग्णास उताणे निजवून दुखऱ्या जागी बोट ठेवावे व तिला डोके किंचित उचलण्यास सांगावे. पोटाचे स्नायू ताठ होतात. दुखणे आतल्या अवयवाचे असेल तर स्नायूंच्या ढालीमुळे ते कमी जाणवते. भिंतीचेच असेल तर वाढते. या परीक्षेस यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही, अर्धे मिनिट लागते. ती न करता पाच-सहा हजारांच्या तपासण्या लिहून दिल्या जातात, याचे मला नवल वाटते.

दुसरे कारण त्या स्नायूंच्या पाळण्याचे. वेदना झाली की शरीर आपोआप आवळून घेते. मूठ मिटावी तसे हे स्नायू मिटतात, आणि मिटलेलेच राहतात. दिवसभर मिटलेली मूठ सायंकाळी कशी ठणकते, ते आपण घरी जाऊन करून पाहावे. मूळ संसर्ग औषधाने बरा झाल्यावरही ही मूठ सुटत नाही, आणि पतिपत्नी-संबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी, फार वेळ बसल्यावर ती ठणकत राहते. दिवसभर लघवी रोखण्याची सवय तिला आणखी घट्ट करते.

याहून एक पाऊल पुढे जावे लागते. वेदना ही जखमेतच राहते अशी पूर्वी समजूत होती. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की शरीरातून येणारे वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या वेशीवर अडविले जातात किंवा आत सोडले जातात, आणि त्या वेशीवर वरून मेंदूचीही हुकमत चालते. त्या मूळ कल्पनेत पुढे पुष्कळ दुरुस्त्या झाल्या. पण तिने विचाराची दिशा बदलली ती बदललीच. शेतावरचा राखणीचा कुत्रा घ्या. एकदा रानडुकरे येऊन गेली, की तो पुढे कित्येक रात्री पाचोळा हलला तरी भुंकतो. कुत्रा खोटे भुंकत नाही. त्याचे कान तिखट झालेले असतात. फार दिवस वेदना सोसलेल्या शरीराचे मज्जातंतू असेच तिखट होतात; साधा स्पर्श, भरलेले मूत्राशय, आतड्यातील वायू, हे सर्व त्यांना वेदनेसारखे भासते. म्हणून दुर्बिणीतून तपासणी केली असता अशा रुग्णांपैकी सुमारे तिसऱ्या हिश्श्यात डोळ्यांस दिसेल असे काही सापडत नाही, तरी त्यांचे दुखणे तसूभरही खोटे नसते.

'हे मनाचे आहे' या वाक्याविषयी मला थोडे कडक बोलू द्या. मनाचा वेदनेशी संबंध आहे, हे शास्त्र मान्य करते. झोप नसेल, चिंता असेल, घरात मारहाण किंवा धाक असेल, लहानपणी कोणी अत्याचार केलेला असेल, तर वेदना वाढते आणि टिकते. परंतु आपल्याकडे 'मनाचे' याचा अर्थ 'खोटे' असा केला जातो, आणि काम टाळण्यासाठी ढोंग चालले आहे असा शेरा मिळतो. ज्या स्त्रीने ढोंग करावयाचे ती पहाटे उठून भाकरी थापून, शेतावर जाऊन, परत येऊन गुरांचे पाहून मग ढोंग करील, असे मानणाऱ्याच्या तर्कशास्त्राला नमस्कारच केला पाहिजे!

मग या अनेक मुखांनी बोलणाऱ्या दुखण्याला वैद्य कोणता? एक पुरत नाही, हेच त्याचे उत्तर. ही कल्पना प्रथम नेटाने मांडली ती जॉन बोनिका यांनी. हे गृहस्थ मोठे विलक्षण. इटलीत जन्मले, लहानपणी अमेरिकेत गेले, आणि वैद्यकीय शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी कुस्त्या खेळले. आपल्या तालमीतील मंडळींना ऐकून आनंद होईल. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांवर उपचार करताना त्यांच्या ध्यानात आले की ज्यांच्या वेदना जात नाहीत त्यांना एकेक तज्ज्ञ स्वतंत्रपणे पाहतो, स्वतंत्रपणे औषध देतो आणि परस्परांशी बोलत नाही. त्यांनी निरनिराळ्या शाखांच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एका रुग्णाविषयी चर्चा घडवून आणण्यास आरंभ केला. १९५३ साली वेदनेच्या उपचारावर त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, आणि १९६० नंतर सिअ‍ॅटल येथील विद्यापीठात त्यांनी अनेक शाखांच्या वैद्यांचे एकत्र वेदना-चिकित्सालय चालविले.

स्त्रियांच्या ओटीपोटाच्या दुखण्याबाबत या पद्धतीची कसोशीने परीक्षा झाली ती हॉलंडमधील लायडन येथे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १०६ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटास नेहमीची पद्धत: प्रथम शारीरिक कारण शोधावयाचे, दुर्बिणीची तपासणी करावयाची, काहीच न निघाल्यास मग इतर गोष्टींकडे पाहावयाचे. दुसऱ्या गटात पहिल्या दिवसापासून शरीर, मन, आहार, राहणी आणि व्यायामोपचार या सर्वांकडे सारखेच लक्ष दिले, आणि दुर्बिणीची तपासणी सरसकट केली नाही. वर्षानंतर पाहता दुसऱ्या गटातील स्त्रियांचे दुखणे आणि दैनंदिन कामातील अडथळा पहिल्या गटापेक्षा स्पष्टपणे अधिक कमी झाला होता. १०६ हा आकडा लहान आहे, हे मी मान्य करते. परंतु आज जगातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्था याच दिशेने सल्ला देतात.

या मंडळात कोण कोण असते? स्त्रीरोगतज्ज्ञ असतातच. त्यांनी पहिल्या भेटीत घाईने टेबलावर तपासण्यापूर्वी संपूर्ण हकीकत ऐकून घ्यावयाची असते. हकीकतीतच अर्धे निदान असते. वेदनेच्या औषधांचे जाणकार डॉक्टर लागतात. येथे एक इशारा देते. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिले जाणारे गॅबापेंटिन हे औषध अशा रुग्णांना हल्ली सर्रास लिहून देतात. ब्रिटनमध्ये ३०६ स्त्रियांवर त्याची परीक्षा झाली आणि २०२० साली असा निष्कर्ष निघाला की, ज्यांच्या बाबतीत दुर्बिणीत काही सापडले नाही अशा स्त्रियांना ते नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरले नाही. घेरी व गुंगी मात्र अधिक आली. औषध नवे आहे किंवा महाग आहे म्हणून ते गुणकारी असते असे नव्हे.

मंडळातील ज्या व्यक्तीची आपल्याकडे सर्वाधिक उपेक्षा होते ती फिजिओथेरपिस्ट. आपल्या मनात या मंडळींची मूर्ती म्हणजे मोडलेला हात हालविणारे कोणी. वस्तुतः त्या मिटलेल्या मुठीचे बोट न् बोट उलगडण्याची विद्या यांच्यापाशी आहे. छातीऐवजी पोटाने सावकाश श्वास घेणे, श्वास सोडताना ओटीपोट सैल सोडणे, मांड्यांचे व नितंबांचे स्नायू ताणणे, गुडघे पोटाशी घेऊन निजणे, वाकून काम करताना दर अर्ध्या तासाने उभे राहून कंबर मागे झुकविणे. हे सर्व शिकवून घ्यावे लागते. मोबाइलवर पाहून पुष्कळ भगिनी स्नायू आवळण्याचा व्यायाम करू लागल्या आहेत. तो केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ साली लघवी न थांबण्याच्या विकारासाठी सांगितला, आणि त्या विकारात तो फार चांगला. ज्यांचे स्नायू आधीच आवळलेले आहेत त्यांनी तो केला तर दुखणे वाढण्याचा संभव असतो. एकीचा व्यायाम दुसरीला विष होतो तो असा. म्हणून आधी तपासणी हवी.

समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ वेड्यांसाठी नसून दमलेल्यांसाठी असतात. वेदनेच्या भीतीने हालचाल टाळली की शरीर आखडते, आखडले की वेदना वाढते. हे चक्र कोठे तोडावे ते त्या शिकवितात. शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि ती मराठीत बोलते. आहाराविषयी फार काही सांगावयाचे नाही: बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, पाणी पुरेसे प्यावे. पण शेतावर आडोसा असल्याखेरीज पाणी पिण्याचा उपदेश करणे ही थट्टा आहे. माझ्या दृष्टीने शेतावरील चार पत्र्यांचा आडोसा हा या उपचाराचाच एक भाग आहे, आणि तो बांधणारा गवंडी हा या वैद्यमंडळाचा सभासद!

आता पिशवी काढण्याविषयी. मी या शस्त्रक्रियेची शत्रू नाही. कर्करोग असेल, मोठ्या गाठी असतील, कोणत्याही औषधाला न जुमानणारा रक्तस्राव असेल, तर ती जीवदान देते. पण निदानावाचून, केवळ दुखते म्हणून काढलेल्या गर्भाशयानंतर दर चार-पाच स्त्रियांमागे एकीचे दुखणे तसेच राहते, असे अभ्यासांतून दिसते. कारण दुखणे मुळात तेथले नसतेच. बरोबर बीजकोशही काढले तर तिशी-पस्तिशीतच म्हातारपणाची चाहूल लागते: हाडे ठिसूळ होतात, अंगातून वाफा निघतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

हे काल्पनिक भय नाही. आपल्या कसमादे पट्ट्यात ऊसतोडीच्या टोळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल घेतलेली; एक दिवस खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातील या ऊसतोड स्त्रियांची २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पाहणी करविली. ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एकीचे. दुखणे होते, पांढरे जात होते, कामाचा खाडा परवडत नव्हता, आणि 'पुढे कर्करोग होईल' अशी भीती कित्येकींना घातली गेली होती. वेदनेचा विचार करावयास सवड नसली की शस्त्र हाच एक सोपा उपाय उरतो. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने २०२२ साली तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. न्यायालयाने आपले काम केले. घरातील निर्णय मात्र न्यायालयात होत नाहीत.

म्हणून पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर डॉक्टरांना आदराने चार प्रश्न विचारावेत. निदान काय? ते कोणत्या तपासणीवरून? याहून सौम्य उपाय कोणते करून पाहिले? आणि बीजकोश ठेवणार की काढणार? उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. चांगल्या डॉक्टरांना याचा राग येत नाही; ज्यांना येतो त्यांच्याविषयी काय समजावे ते आपण जाणता.

कोणी विचारील, बाई, हे वैद्यमंडळ नामपुरात आणावयाचे कोठून? शंका रास्त आहे. एका छपराखाली हे सर्व आज नामपुरात मिळणार नाही. पण मंडळ एका छपराखाली असलेच पाहिजे असे नाही. त्यातील माणसांना परस्परांचे म्हणणे कळले म्हणजे झाले. गावातील डॉक्टर व आशाताई येथेच आहेत. जवळच्या शहरांत फिजिओथेरपिस्ट मिळतात. नाशिकला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मोठी रुग्णालये आहेत. तुटतो तो दुवा असा, की प्रत्येक ठिकाणी रुग्ण नव्याने पहिल्यापासून सुरुवात करते, जुने कागद घरी राहतात, आणि प्रत्येक डॉक्टर तीच सोनोग्राफी पुन्हा करावयास सांगतात.

त्यावर माझी सूचना एका साध्या वहीची आहे. शंभर पानी, दुरेघी. तीत रोज एक ओळ लिहावी: तारीख, दुखणे शून्यापासून दहापर्यंत किती, पाळीचा कितवा दिवस, शौचास व लघवीस त्रास झाला का, त्या दिवशी काम कोणते केले, झोप किती लागली, आणि कशाने बरे वाटले. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीने लिहावे. तिलाही आपल्या शरीराविषयी भीड न बाळगता बोलावयाचे शिक्षण आपोआप मिळेल. वहीच्या मागील बाजूस प्रत्येक डॉक्टरांनी दोन ओळींत आपले मत व औषध लिहावे, आणि सर्व अहवाल तिलाच टाचून ठेवावेत. दोन महिन्यांची अशी वही पाहिली की दुखणे पाळीबरोबर फिरते, लघवीबरोबर फिरते की कांद्याच्या लागणीबरोबर फिरते, हे अनुभवी डॉक्टरांस पाच मिनिटांत कळते.

मात्र काही वेळा वहीची वाट पाहावयाची नाही. पाळी चुकलेली असून एकाएकी असह्य कळ व घेरी आली, दुखण्याबरोबर थंडी-ताप आला, पाळी कायमची गेल्यानंतर रक्त दिसले, किंवा विनाकारण वजन उतरू लागले, तर त्याच दिवशी गाडी काढावी.

घरातील पुरुषांकडून तीन गोष्टींची अपेक्षा करते. पहिल्या भेटीस आपण स्वतः जावे. देवमामलेदारांच्या यात्रेस सहकुटुंब सटाण्यास जाण्यास आपणांस सवड होते, तशीच ही सवड काढावी. उपचारास तीन ते सहा महिने लागतात. आठ दिवसांत गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. आणि बरे होईपर्यंत वेदना होईल असा कोणताही आग्रह, शेतातला किंवा शयनगृहातला, धरू नये. यापेक्षा अधिक स्पष्ट मी बोलत नाही. सासूबाईंना काय सांगावे? त्यांनी आपल्या तरुणपणी जे सोसले ते कोणासही न सांगता सोसले, हे त्यांचे मोठेपण खरे; पण त्यांतील कित्येकींचे दुखणे आजही चालू आहे, आणि वही त्यांच्यासाठीही आहे.

ज्ञातिमंडळाकडे दोन मागण्या. मंडळ दरवर्षी हुशार विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देते. त्यांत एक शिष्यवृत्ती फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीसाठी राखून ठेवावी. आरोग्य विज्ञानाचे विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशिकला आहे, आणि शिकून आलेल्या मुलीस मंडळाच्या इमारतीतील एक खोली आठवड्यातून एक दिवस विनाभाडे द्यावी. दुसरी मागणी आणखी लहान आहे. बाजार समितीच्या आवारात, जेथे बायका कांदा निवडावयास बसतात, तेथे त्यांच्यासाठी स्वच्छ व आतून कडी असलेले स्वच्छतागृह सतत वापरण्याजोगे राहील, याचा पाठपुरावा मंडळाने करावा. आपले कित्येक सभासद त्या आवारात रोज असतात. त्यांना हे अवघड नाही.

वहीच्या पहिल्या पानाचा छापील नमुना मी कार्यवाहांकडे दिला आहे. त्याच्या प्रती सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेवलेल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी जाताना घ्याव्यात. नाव कोणी विचारणार नाही, आणि घरी कोणासाठी नेता हेही कोणी विचारणार नाही.